बिलिंग काउंटर सोडायचंय, पण डोकं लागेल असं काम कुठं मिळेल?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. (संख्याशास्त्र) भाग १ ला आहे. गाव राधानगरी तालुक्यात, राहायला राजारामपुरीत रूमवर. रोज संध्याकाळी पाच तास कापड दुकानात बिलिंगला बसते. पगार वेळेवर होतो, पण सारा वेळ तेच बारकोड मारायचे. शिकलेलं काहीच वापरात येत नाही आणि रात्री वही उघडवत नाही. डोक्याला चालना देणारं अर्धवेळ काम कोल्हापुरात मिळेल का? मोबाइलवर घरबसल्या टायपिंगची एक जाहिरात आली आहे. नोंदणीचे 2,500 रुपये मागतात. भरू का? रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायला आईची ना आहे.

उत्तर : आधी त्या 2,500 रुपयांचं. अजिबात भरू नकोस. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. अशा टायपिंगच्या कामात नोंदणीनंतर ऑनलाइन करारावर सही घेतात, धूसर छायाचित्रांची शेकडो पानं टाइप करायला देतात, मग ‘अचूकता कमी भरली’ म्हणून पैसे नाकारतात. पुढं वकिलाच्या नावानं नोटीस येते आणि करारभंगाचा दंड मागतात. त्या नोटिशीला घाबरून पैसे पाठवायचे नाहीत. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार कर. जितका उशीर, तितकी ते परत मिळण्याची आशा कमी.

आता मूळ प्रश्न. तुला हवं तसं काम ‘पाहिजेत’च्या जाहिरातीत सहसा दिसत नाही. जाहिरात निघते ती काउंटर, डिलिव्हरी, टेलिकॉलिंगची, कारण तिथं माणूस बदलला तरी काम तेच राहतं. डोक्याचं काम मिळवायचं तर कुणाची तरी नेमकी अडचण शोधून ‘हे मी करून देते’ म्हणत आपणच जावं लागतं. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी कोल्हापूर त्या दृष्टीनं फार चांगलं गाव आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने आहेत, आणि फौंड्रीत रोज रिजेक्शनचे, म्हणजे दोषामुळं बाद झालेल्या मालाचे आकडे तयार होतात. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी स्वतंत्र क्वालिटी विभाग असतो. छोट्या-मध्यम ठिकाणी बऱ्याचदा रजिस्टर भरलं जातं, पण त्यातून काही काढायला कुणाला सवड नसते. तुझी जागा तिथं आहे.

उदाहरणच घे. एका पार्टची रोज 400 कास्टिंग (ओतीव नग) ओतली जातात आणि सरासरी 20, म्हणजे 5 टक्के रिजेक्ट होतात असं समज. तू वर्गात शिकलेला पी-चार्ट, म्हणजे रोजच्या बाद मालाचं प्रमाण मर्यादेत आहे का हे दाखवणारा आलेख, इथं लाव. प्रमाण विचलन 0.0109 येतं, त्याची तिप्पट 0.0327. ती 5 टक्क्यांत मिळवली की वरची मर्यादा साधारण 8.3 टक्के, वजा केली की खालची 1.7. दिवसाला 7 ते 33 रिजेक्ट ही त्या प्रक्रियेची नेहमीची हालचाल झाली. एखाद्या दिवशी 28 निघाले म्हणून मोल्डिंगवाल्याला झापण्यात अर्थ नाही. 36 निघाले तर त्या दिवशीची वाळू, तिचा ओलावा, धातूचं तापमान तपासायलाच हवं. एवढं एक पान मालकाला नीट समजावता आलं, तर तो तुला पुन्हा बोलावील.

अडतं ते गणितात नाही, रजिस्टरात. दोन गोष्टी पहिल्या भेटीतच बघ. एक, कारणांच्या रकान्यात ‘इतर’ किती आहे. ब्लो होल, वाळू अडकणं, कोल्ड शट, श्रिंकेज अशी कारणं वेगळी लिहिलेली नसतील तर पॅरेटो चार्ट (कोणत्या कारणानं किती माल बाद झाला हे मोठ्यापासून लहान असं लावणारा आलेख) काढून हाती काही लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त फसवी. मशिनिंग करताना सापडलेला दोष ज्या दिवशी सापडला त्या तारखेला लिहिला जातो, पण तो माल ओतलेला असतो आठ-पंधरा दिवस आधी. तारखेनं जुळवलंस तर चुकीच्या दिवसाला दोष लागेल. कास्टिंगवरच्या हीट कोडनं, म्हणजे ते कोणत्या ओतीतलं आहे हे सांगणाऱ्या खुणेनं, मूळ दिवस शोधून मगच आकडे लाव. मर्यादा काढायला किमान 20-25 दिवसांची नोंद घे, आणि रोजचं उत्पादन फार कमी-जास्त होत असेल तर प्रत्येक दिवसाची मर्यादा वेगळी काढ.

आत शिरायचं कसं? तुमच्या अभ्यासक्रमात ओजेटीचे (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायच्या प्रशिक्षणाचे) 4 क्रेडिट आहेत, म्हणजे 120 तास. ओजेटीला मानधन मिळेलच असं नाही, पण विभागाचं पत्र हातात असलं की गेटवर अडवत नाहीत. विभागातल्या सरांना किंवा मॅडमना आधी भेट, फौंड्रीचा विषय सांग आणि पत्र घे. जाताना बायोडाटा नेण्यापेक्षा काल्पनिक आकड्यांवर केलेला वरच्यासारखा एकपानी नमुना ने. 120 तास संपले की ‘दर महिन्याला एवढ्याच पानांचा अहवाल देते, महिन्याला अमुक रक्कम’ असं बोल. आकडे गोळा करायला आठवड्यातून एकदा दिवसाउजेडी जायचं, बाकी काम रूमवर. आईचीही हरकत राहणार नाही. गिऱ्हाईक कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर लपवून ठेवायचे, आणि हे आकडे प्रोजेक्टला वापरायचे असतील तर लेखी परवानगी घ्यायची.

दुसरं काम विद्यापीठातच आहे. शिक्षणशास्त्र, वाणिज्य, समाजकार्य या विषयांच्या संशोधक विद्यार्थ्यांना प्रश्नावलीच्या आकड्यांचं विश्लेषण जमत नाही आणि ते मदत शोधत असतात. या कामात डोकं भरपूर लागतं, पण हद्द पहिल्याच दिवशी ठरव. आकडे साफ करणं, तक्ते, चाचणी निवडणं आणि ती का निवडली हे त्यांना समजावणं, एवढं तुझं. प्रकरण लिहून देणं नाही. ‘पन्नास फॉर्म कमी पडलेत, तेवढे भरून टाक’ असं कुणी म्हणालं तर तिथंच नाही म्हण. ती बनवाबनवी आहे, आणि उद्या चौकशी झाली तर तुझंही नाव त्यात येईल. निम्मे पैसे आधी घे. ‘निकाल सिग्निफिकंटच (संख्याशास्त्राच्या दृष्टीनं लक्षणीयच) आला पाहिजे’ म्हणणाऱ्याचं काम घेऊ नकोस.

शिकवणीही आहेच. पण दहा पोरांचा गृहपाठ तपासण्यात डोकं गंजण्याचा धोका तोच. त्यापेक्षा बारावीच्या गणिताचे एक-दोन विद्यार्थी घे, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला प्रश्न काढून दे. चांगल्या बहुपर्यायी प्रश्नात प्रत्येक चुकीचा पर्याय मुलं खरंच करतात अशा चुकीतून आलेला असावा लागतो. किंमत 20 टक्के वाढवून मग 20 टक्के कमी केली, तर? उत्तर 4 टक्के घट. ‘काहीच बदल नाही’ हा पर्याय टक्के सरळ वजा करणाऱ्यासाठी, ‘4 टक्के वाढ’ चिन्ह चुकवणाऱ्यासाठी. असे 25 प्रश्न उत्तरांसह तयार करून दाखव, मग दराचं बोल.

विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे, विद्यार्थी विकास विभागात चौकशी करून ठेव. काम कोणत्या विभागात मिळतं यावर सगळं आहे. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत मिळालं तर जरूर घे.

पैशाचा हिशेब स्पष्ट सांगते. आठवड्याची एक सुट्टी धरली तरी आज तुझे आठवड्याला 30 तास जातात. एम.एस्सी. सांभाळून 12 तासांच्या वर काम नको, असं माझं ठाम मत आहे. 12 तासांत आजइतकीच कमाई हवी तर ताशी दर अडीचपट मिळायला हवा, आणि तो पहिल्या महिन्यात मिळणार नाही. म्हणून दुकान लगेच सोडू नकोस. मालकांशी बोलून फक्त शनिवार-रविवार मागून बघ. दिवाळीच्या गर्दीआधी दोन महिने सांगितलंस तर ते बहुधा ऐकतील, ऐन हंगामात ऐकणार नाहीत. घरी पैसे पाठवत असशील तर आईला आधी सांग की चार-पाच महिने रक्कम कमी येईल. 75 टक्के हजेरीची अट आणि शिष्यवृत्तीचा अर्ज या दोन्हींना कामापायी धक्का लागू देऊ नकोस. फी माफीची रक्कम अर्धवेळ कमाईपेक्षा मोठी असू शकते.

कोणतंही काम घेताना परीक्षेच्या महिन्यात सुट्टी लागेल हे पहिल्या बोलण्यातच सांग. पॅन कार्ड नसेल तर काढून ठेव. मानधनावर टीडीएस लागू झाला आणि पॅन दिलेला नसला, तर 20 टक्के कपात होते. आणि काय काम, किती पानं, कोणत्या तारखेला पैसे, हे ठरलं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठव आणि समोरच्याचं ‘ओके’ येईपर्यंत काम सुरू करू नकोस.