न्यू ऑर्लिन्सजवळचे ऊसमळे एका दिवसात: व्हिटनी शेवटी ठेवू नका

आई-बाबांना घेऊन एका दिवसात नॉटोवे, ओक अ‍ॅली, लॉरा हे जुने ऊसमळे आणि 'वेळ उरला तर व्हिटनी', म्हणजे तिथे राबलेल्या गुलामांची कहाणी सांगणारं मळ्यातलंच संग्रहालय, हा तुमचा बेत वाचला आणि राहवलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही हीच चूक केली होती.

नॉटोवे आधी यादीतून काढा. तिथला मुख्य वाडा मे २०२५ मध्ये आगीत जळाला.

आता मुख्य मुद्दा. आम्ही शहरातल्या एका तिकीट विकणाऱ्या कार्यालयातून तीन मळ्यांचं पॅकेज घेतलं. त्यांनी व्हिटनी दुपारच्या शेवटच्या वेळेला टाकलं. सकाळी करून द्या म्हणून तीनदा फोन केला, तिन्ही वेळा 'बदल होत नाही' एवढंच उत्तर. ओक अ‍ॅलीला उशीर झाला, व्हिटनीला पोचलो तेव्हा आभाळ फाटलं होतं. तिथे बहुतेक सगळं उघड्यावर आहे. जेमतेम वीस मिनिटं मिळाली.

माझे बाबा कोल्हापूरकडचे, जन्म उसात गेलेला. लोखंडी कढया दिसल्या तसे छत्री सोडून तिथेच थांबले. "ही तर काहील! पण एवढा रात्रंदिवस जाळ घालायला माणसं कोण होती?" उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही, बस सुटत होती. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर कमी होते, हे बाबांना कुणी सांगायला नको. म्हणूनच तिथे गळिताच्या हंगामात गुलाम माणसं दिवसरात्र राबत, उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. त्याच आवारात लुइझियानातल्या १,०७,००० गुलामांची नावं कोरलेल्या भिंती आहेत, आणि त्या एका परगण्यात लहानपणीच गेलेल्या २,२०० मुलांचं स्मारक. हे आम्ही पावसात पळत पळत पाहिलं. पैसे गेल्याचं काही नाही, पण बाबा पुन्हा अमेरिकेला येऊ शकले नाहीत.

म्हणून माझं ठाम मत: व्हिटनी सकाळी पहिलं, निदान दोन तास. तिकीट थेट त्यांच्याकडूनच घ्या, गाडी भाड्याने घ्या. शहराकडून निघालात की १८ नंबरच्या रस्त्यावर आधी व्हिटनी, मग लॉरा, मग ओक अ‍ॅली लागतं. तिन्ही नदीच्या एकाच तीरावर. वेळा आणि सुट्टीचे वार बदलतात, जाण्याआधी बघून घ्या.

ओक अ‍ॅलीला जाऊच नका असं मी म्हणत नाही. २८ ओकांची ती रांग सुंदरच आहे. पण व्हिटनी पाहून गेलात की तिथल्या गुलामांच्या झोपड्यांपाशी पाय थांबतात. पिकान या अक्रोडासारख्या फळाच्या झाडाची कलमं यशस्वी करणारा आंत्वान नावाचा माळी तिथलाच, गुलाम होता. त्याच्याबद्दल आवर्जून विचारा. तिन्ही होत नसतील तर मी लॉरा सोडेन; काहींना हे पटणार नाही, लॉरा ज्यांचं होतं त्या क्रिओल, म्हणजे लुइझियानातच रुजलेल्या फ्रेंच वळणाच्या घराण्यांत रस असेल तर उलट करा.

आई-बाबा शाकाहारी असतील तर दशम्या-चटणी बरोबर ठेवा, तिकडे राजम्यातही बहुधा मांसाचं सॉसेज असतं. आणि रस्त्यावरून मिसिसिपी दिसत नाही, मध्ये मातीचा उंच बांध आहे. जिथे वर जायची परवानगी असेल तिथे बाबांना हात धरून चढवा.