गजर वाजला की आईने गप्प राहावं

प्रश्न : मुलगा 21 वर्षांचा आहे, मध्यम बौद्धिक अक्षमता. वाचता येत नाही, फोटो मात्र पटकन ओळखतो. मी सातला काजूच्या कारखान्यात जाते. त्याला साडेनऊची एसटी धरून कार्यशाळेत जायचं असतं. कारखान्यातून चार-पाच फोन केल्याशिवाय तो हलत नाही. एखादं अ‍ॅप सुचवाल का?
— एक आई, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ताई, अ‍ॅप नको, फोनमधलं साधं घड्याळ पुरेल. गजराला नेट लागत नाही की रेंज लागत नाही. पावसात टॉवर बंद पडला तरी तो वाजतो. रात्री लाईट जाण्याआधी, संध्याकाळीच फोन चार्ज करून ठेवा म्हणजे झालं.

प्रत्येक कामाचं एक वाक्य तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा: ‘आता आंघोळ.’ पाच सेकंदांच्या वर नको. नवा गजर लावताना घंटीच्या चिन्हावर दाबा, आवाजांच्या यादीत ही फाइल जोडा, वार निवडा. चार गजर खूप झाले: आंघोळ, न्याहारी, डबा-पिशवी, निघायचं. दहा लावलेत तर तो एवढंच शिकेल की वाजलं की बंद करायचं. गजराच्या आवाजाची पट्टी रिंगटोनपेक्षा वेगळी असते, तीही वर सरकवा. ‘वाजलाच नाही’ ही तक्रार बहुतेकदा तिथेच मिटते.

काय करायचं ते गजर सांगतो, कसं करायचं ते फोटोंनी सांगावं. त्याच्याच बादलीचा, टॉवेलचा, डब्याचा फोटो काढा. नेटवरची चित्रं त्याला परकी वाटतात. एका फोटोत एकच वस्तू, मागे पसारा नको. लॅमिनेट केल्यावर चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर प्लास्टिक सोडून कापा. अगदी कडेने कापलंत तर आपल्या जुलैत आत ओल शिरते आणि बुरशी धरते. न्हाणीबाहेर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोरीला चिमट्यांनी क्रमाने लावा. काम झालं की त्याने कार्ड उलटं करायचं.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. तो वाट बघतो ती तुमच्या फोनची. गजरापाठोपाठ तुमचाही फोन गेला तर गजराला कोण विचारतो? म्हणून सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा. गजर वाजला की मनात वीसपर्यंत मोजा. हललाच नाही तर न बोलता कार्डाकडे बोट दाखवा. बोलून दिलेली आठवण पुढे सोडवणं फार जड जातं, बोट हळूहळू मागे घेता येतं. सलग पाच वेळा बोट लागलं नाही की दारात उभ्या राहा, मग पडवीत, मग शेजारच्या घरी. मध्येच बिघडलं तर एकच पायरी मागे या, पुन्हा पहिल्यापासून नको. आणि फोनची दिशा उलटी करा: मुख्य स्क्रीनवर तुमचा फोटो लावलेला नंबर ठेवा, एसटीत बसल्यावर त्यानेच मिस्ड कॉल द्यायचा.

आकडीची गोळी चालू असेल तर ती यात घालू नका. गजर बंद झाला म्हणजे गोळी पोटात गेली असं नव्हे. ती तुमच्या समोरच. वेळ जुळत नसेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : मुलीला डाउन सिंड्रोम आहे, वय 25. तिला एकटीने भात लावायचाय. गॅसची भीती वाटते. इंडक्शन घेऊ का?
— गुहागर

उत्तर : त्यापेक्षा एका खटक्याचा साधा राइस कुकर घ्या. पाणी आटून भांड्याचा तळ 100 अंशांच्या वर तापला की खटका आपोआप वर येतो. स्पर्शाच्या बटणांची शेगडी लाईट जाऊन आली की बंदच राहते, आणि मुलगी भात शिजण्याची वाट बघत बसते. खटक्याचा कुकर लाईट आली की पुढे चालू होतो.

लाल वाटी तांदळाची, निळा पेला पाण्याचा, दोन्ही काठोकाठ. साध्या तांदळाला दुप्पट पाणी धरून सुरुवात करा, उकड्याला तिपटीच्या आसपास. दोन-तीनदा शिजवून योग्य मापाचा पेला ठरवा आणि मग तांदूळ बदलू नका. आतलं भांडं बाहेरून पुसायला हमखास विसरतात. तळाशी एक शीत अडकलं तरी भांडं तापणाऱ्या तबकडीवर नीट टेकत नाही, आणि भात कच्चा राहतो किंवा करपतो.

शिकवायचं ते शेवटून: आधी फक्त खटका तिचा, मग पाणी ओतणं, मग तांदूळ धुणं. घराचं अर्थिंग तपासून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. ओल्या हातांच्या घरात ही चैन नव्हे.

प्रश्न : भाऊ दुकानात यूपीआयने पैसे देतो. पिन कुणालाही सांगून टाकतो.
— देवगड

उत्तर : त्याला पिन लागणारच नाही असं करा. त्याच्या खात्यावर यूपीआय लाइट (छोट्या रकमांसाठी आधी वेगळे पैसे भरून ठेवायची सोय) सुरू करा. एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. शिल्लक 5,000 पर्यंत ठेवता येते, पण तुम्ही 200 च भरा. फसला तर तेवढेच जातील. आपोआप पैसे भरण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर या सगळ्याला काही अर्थ नाही. आधीचा पिन बदला. यूपीआय सर्कलमध्ये (आपल्या खात्यावरून घरच्या माणसाला पैसे देऊ द्यायची सोय) प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी घेता येते, पण तुम्ही रेंज नसलेल्या बागेत असाल तर तो दुकानात ताटकळतो.

रेंज गेली की रोख. पाकिटात दहाच्याच नोटा आणि 10, 20, 30, 40 असे चौकोन आखलेलं कार्ड ठेवा. 34 रुपये झाले तर 34 ओलांडेपर्यंत एकेका चौकोनावर नोट ठेवायची: चार नोटा, सहा रुपये परत. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की वेळ लागला तरी पाकीट त्याच्या हातातून घ्यायचं नाही.