‘अमूर्त’ चित्रे काढणाऱ्या इटालियन चित्रकारांनी आपल्या कलेला ‘मूर्त’ का म्हटले?

आपला प्रश्न असा आहे की, १९४८ साली मिलानमध्ये सुरू झालेल्या ‘मोव्हिमेंतो आर्ते कोंक्रेता’ म्हणजे ‘मूर्त कला चळवळी’तील चित्रकार केवळ चौकोन, त्रिकोण आणि रंगीत पट्टे रंगवीत होते, मग त्यांनी असे उलटे नाव का घेतले? माझ्या मते या नावातच त्या चळवळीचा सगळा आग्रह सामावलेला आहे.

ज्या चित्रात ओळखीची वस्तू दिसत नाही, त्याला मराठीत आपण सरसकट अमूर्त म्हणतो. या मंडळींचा आक्षेप नेमका याच शब्दाला होता. अमूर्तीकरणात चित्रकार एखाद्या दिसणाऱ्या वस्तूपासून सुरुवात करतो आणि तिचे तपशील गाळत जातो. झाडाचे खोड उभी रेघ होते, फांद्या तिरक्या रेघा होतात, तरी मुळाशी झाड असतेच. याउलट, मुळाशी कोणतीही वस्तू न ठेवता रंगवलेला लाल चौकोन हा कशाचेही चित्र नसून स्वतःच एक लाल चौकोन असतो आणि तो समोरच्या टेबलाइतकाच खरा असतो. रेषा, रंग आणि पृष्ठभाग यांहून मूर्त काहीच नाही, हा विचार डच चित्रकार थिओ व्हान डूसबर्ग यांनी १९३० साली पॅरिसमध्ये मांडला, स्वित्झर्लंडच्या माक्स बिल यांनी तो पुढे नेला आणि १९४७ साली मिलानमध्ये भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनातून तो इटालियन चित्रकारांसमोर ठळकपणे आला.

पुढच्याच वर्षी अतानाझियो सोल्दाती, ब्रुनो मुनारी, जिल्लो दोर्फ्लेस आणि जान्नी मोन्ने या चौघांनी ही चळवळ स्थापन केली आणि डिसेंबरमध्ये ‘लिब्रेरिया साल्तो’ या मिलानमधील पुस्तकांच्या दुकानात तिचे पहिले प्रदर्शन भरले. तो काळ अशा चित्रांना अनुकूल नव्हता. चित्रात कामगार, शेतकरी आणि त्यांचा लढा दिसला पाहिजे, असा डाव्या वर्तुळातील अनेकांचा आग्रह होता. कम्युनिस्ट पक्षाचे नेते पाल्मिरो तोल्याती यांनी त्याच वर्षी बोलोन्या येथील आधुनिक कलेच्या प्रदर्शनावर टोपणनावाने कठोर टीका केली होती. अशा वेळी कोणताही संदेश न देणारा चौकोन भिंतीवर लावणे ही धैर्याचीच गोष्ट होती, असे मला वाटते.

‘मूर्त’ या शब्दाचा अर्थ मला स्वतःला उमगला तो मुनारींच्या ‘नेगातिव्हो-पोझितिव्हो’ (म्हणजे ‘ऋण-धन’) या चित्रमालेमुळे. आपण एरवी चित्र पाहतो तेव्हा एक आकृती पुढे असते आणि उरलेली जागा पार्श्वभूमी म्हणून मागे सरते. मुनारींनी ही मागची जागाच नाहीशी केली. त्यांच्या चित्रातील प्रत्येक सीमारेषा दोन्ही बाजूंच्या आकारांची सारखीच असते, त्यामुळे क्षणभर एक आकार पुढे आल्यासारखा वाटतो, तर दुसऱ्याच क्षणी शेजारचा पुढे येतो आणि पहिला मागे जातो. पार्श्वभूमी उरली नाही की खोलपणाचा आभासही उरत नाही. उरतो तो रंगवलेला सपाट पृष्ठभाग, आणि तोच ती ‘मूर्त’ वस्तू असतो. ही चित्रे मी प्रथम पाहिली तेव्हा बराच वेळ त्यांतली ‘आकृती’ शोधत राहिलो होतो.

स्विस चित्रकारांच्या गणिती शिस्तीपेक्षा इटालियन मंडळी बरीच मोकळी होती. दोर्फ्लेस हे वैद्यकशास्त्र शिकलेले कलासमीक्षक होते आणि त्यांच्या स्वतःच्या चित्रांतील आकार वळणदार, जवळजवळ सजीव वाटतात. वास्तुकला आणि औद्योगिक उत्पादने यांच्याशी नाते जोडणे हेही या चळवळीचे मोठे काम होते. १९५५ साली तिने फ्रान्समधील ‘ग्रूप एस्पास’ या कलावंत आणि वास्तुकारांच्या गटाशी हातमिळवणी केली, ती याच ओढीतून. चित्र ही जर एक वस्तू असेल, तर वस्तू घडवताना चित्राइतकाच विचार का करू नये, हा त्यामागचा साधा तर्क होता.

सोल्दाती १९५३ साली वारले, तर १९५८ साली मोन्ने यांच्या निधनाबरोबर चळवळही संपली. मुनारींनी मात्र त्याआधीच, १९५७ साली, दानेसे या मिलानच्या कंपनीसाठी एक रक्षापात्र घडवले होते. ते म्हणजे एक साधा घन आहे. त्याच्या आत दुमडलेला धातूचा पत्रा बसवलेला असून राख आणि थोटके त्याच्या खाली जातात, नजरेस पडत नाहीत. आपण आधी ‘नेगातिव्हो-पोझितिव्हो’मधील एखादे चित्र पाहावे आणि मग हा घन पाहावा. दोन्हींत एकच विचार करणारा हात आपल्याला दिसेल.