बाळानंतर डेस्क घेऊ का? (उत्तर जरा लांबलंय)

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाळ पाच महिन्यांचं, रजा संपत आलीये, तू नाशकात पेपरासाठी मनपा बीट बघतेस, म्हणजे महापालिकेच्या बातम्या, आणि साहेब म्हणतायत काही दिवस डेस्कवर ये, ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या बातम्या नीट कर नि पानं लाव, तुझ्याच सोयीसाठी. घरचे पण म्हणतायत घेऊन टाक. मी पण नाशकातलीच, माझी पोरगी आता बारा वर्षांची आहे, आणि मला पण तेव्हा हेच "तुझ्याच सोयीसाठी" ऐकवलं होतं. सहा महिने म्हणून गेले ती अडीच वर्षं तिथंच.

आधी सोयीचंच बोलू. डेस्कची शिफ्ट संध्याकाळी पाचला, आधी डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची पानं, मग सिटीची, बाराला शेवटचं पान सोडलं तरी घरी पोचायला साडेबारा-एक होतात, आणि बाळ पाचला उठून बसतं. ही कसली सोय? बीटवर निदान अकराची मीटिंग, मग दुपारभर मनपा, आठपर्यंत कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, टाकली की सुटलीस, आणि आता तर अर्धी कॉपी घरून मोबाईलवर पण टाकता येते. बाईमाणूस आहे तर ऑफिसात बसलेली बरी, एवढाच त्या सोयीचा अर्थ असतो, घड्याळ कुणी बघत नाही.

आता माझं काय झालं ते सांगते. 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी मी बाळंतपणापर्यंत कव्हर केलेली, घाटांची कामं, साधुग्राम, स्थायी समितीतली भांडणं, सगळं तोंडपाठ. आणि 29 ऑगस्टला पहिलं शाही स्नान होतं तेव्हा मी कुठे, तर डेस्कवर दुसऱ्यांच्या कॉप्या कापत. एक कॉपी आली, 'रामकुंडावर भाविकांचा महासागर'. त्याच दिवशी दुपारी मला मनपाच्या एका सफाई मुकादमाचा फोन येऊन गेला होता, ताई, इकडं रस्ते मोकळे पडलेत, बॅरिकेड एवढी लावलीत की लोकांना लांबलांबून चालत यायला लागतंय, कोण येणार. मी तो फोन वरिष्ठांना सांगितला तर म्हणे आपला माणूस स्पॉटवर आहे ना. महासागर तसाच छापला. गर्दी अपेक्षेपेक्षा कमी होती हे नंतर सगळीकडे आलंच.

त्या मुकादमाने पुढं सातआठ महिने फोन केले. मग बंद. त्याचं पण बरोबर आहे, मी त्याची एकही बातमी लावली नव्हती. बाळाने ओढलं नाही की दूध आटतं ना, आतली खबर देणाऱ्या सोर्सचं पण तसंच असतं बघ. बीटवर परतल्यावर मला ती माणसं परत जोडायला दोन वर्षं लागली. आणि तुझा तर पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, 2027 चा, तपोवनातल्या झाडतोडीचा विषय तापून गेलाय, टेंडरं निघतायत, आणि आत्ता तू मनपा सोडून पानं लावत बसणार?

डेस्क वाईट असं म्हणत नाहीये हां. मी मराठी लिहायला शिकले ती डेस्कवरच, आणि शरीर साथ देत नसेल तर बिनधास्त घे. फक्त किती महिने आणि त्यानंतर कुठलं बीट, हे मेलवर घे. तोंडी "बघू गं" म्हणजे काही नाही. मी तोंडीच घेतलं होतं.

कायद्याचं पण डोक्यात असू दे. पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे भरपगारी, हे तुला मिळालंच असेल. पण बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन नर्सिंग ब्रेक पण मिळतात, आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, दिवसातनं चारदा बाळाकडे जाता येतं. ऑफिसात कुणी आपणहून सांगणार नाही, मागावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी पगारावर नसलेल्या, छापून आलेल्या कॉलमवर पैसे घेणाऱ्या ज्या स्ट्रिंगर पोरी आहेत त्यांना मात्र यातलं काहीच मिळत नाही, त्यांचा विचार आला की माझं मलाच कसंतरी होतं.

तू शेवटी विचारलंयस की कॉलेजात मुलींसमोर बोलायला बोलावलंय, काय तोंडाने बोलू. मला पण दर 8 मार्चला बोलावतात. आधी मी सांगायचे, मनात असलं की सगळं जमतं. चक्क थाप. माझ्या घरी सासूबाई होत्या, नवऱ्याची शाळेतली नोकरी, तो पाचला घरात, म्हणून जमलं. एकदा एका पोरीने विचारलं, मॅडम, लग्नाच्या आधीच सॉफ्ट, कमी धावपळीचं बीट मागून घेऊ का म्हणजे नंतर त्रास नको? अजून स्थळ पण बघितलं नव्हतं तिचं! तेव्हापासून मी स्वयंपाकाच्या मावशींना किती देते, पोरीला ताप असताना कुठली मोठी बातमी हुकली, ते पण सांगते. आणि हिंदुस्तान टाइम्सच्या वार्ताहर प्रभा दत्त यांची गोष्ट सांगते. 1965 च्या युद्धात पेपरने फ्रंटवर पाठवायला नकार दिला तर बाईंनी आईवडिलांना भेटायला पंजाबात जाते म्हणून रजा काढली आणि तिथून खेमकरणच्या रणभूमीवरून रिपोर्ट पाठवायला लागल्या. माहेरच्या नावाने काढलेली रजा म्हटल्यावर पोरी जाम हसतात. त्या तेव्हा आई नव्हत्या, पण पुढं त्यांची मुलगी, टीव्हीवरची बरखा दत्त, 1999 च्या युद्धात कारगिलमधून रिपोर्टिंग करत होती. मी तिथंच थांबते, पुढचं पोरी आपापसात बोलतात.

तू पण खरं तेच सांग, रडू आलं तरी चालेल.

आणि हो, बीटवर परतलीस तर ब्रेस्ट पंप बॅटरीवाला घे, हाताचा नको. मी सर्वसाधारण सभा चालू असताना रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या गठ्ठ्यामागे हाताचा पंप मारत बसायचे, मनगट दुखायचं आणि बाहेर शिपाईमामा स्टूल टाकून पहारा देत बसायचे. त्यांनीच मला एकदा दारातून सांगितलं, ताई लवकर आवरा, विरोधकांनी राजदंड पळवलाय.