भरायचं की उचलायचं?

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. 42 किलो उतरवलेस, आणि तरी आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करून कपडे घालतेस, हे तू अगदी शेवटी, घाईघाईत लिहिलं आहेस. सगळं पत्र त्या एका ओळीसाठीच होतं ना? लाजू नकोस. प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात मी 26 वर्षं ड्रेसिंग केली. वजन उतरवून आलेल्या बायका हे असंच दबक्या आवाजात सांगायच्या, वर ‘आता ही तक्रार करणं शोभतं का’ असंही विचारायच्या. शोभतं. स्तनाखालच्या घडीत घाम साचून पुरळ उठतं, ब्रा धड बसत नाही, पळताना कातडी ओढली जाते. याला कुणी नखरे म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

तू विचारलंस, इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवायची कृत्रिम पिशवी, किती मोठं घ्यावं. पण त्याच्या आधीचा प्रश्न राहून गेला आहे. स्तनात चरबीचा वाटा बराच असतो. वजन उतरलं की ती जाते, पण वर्षानुवर्षं ताणलेली कातडी पुन्हा आवळत नाही. इम्प्लांट ही रिकामी झालेली जागा भरतं, ओघळलेला स्तन उचलत मात्र नाही. उचलण्याचं ऑपरेशन वेगळं, त्याला लिफ्ट म्हणतात.

आज आरशासमोर सरळ उभी राहा, ब्रा न घालता, हात खाली सोडून. स्तन छातीला जिथे मिळतो त्या घडीत एक बोट आडवं धर आणि स्तनाग्र कुठे येतं ते बघ. बोटाच्या बरंच वर असेल तर नुसत्या इम्प्लांटने भागू शकतं. बोटाच्या रेषेत किंवा खाली असेल, जमिनीकडे वळलं असेल, तर बहुधा लिफ्ट लागेल. सर्जनही आधी हेच बघतात, टेप लावून.

व्रण नकोत म्हणून लिफ्ट टाळायची आणि मोठं इम्प्लांट घालून कातडी ताणून घ्यायची, हा मोह फार जणींना होतो. मला तो अजिबात पटत नाही. पातळ, सैल कातडीला ते ओझं पेलत नाही. अशी एक मुलगी दोन वर्षांनी परत आली होती. इम्प्लांट वर, स्नायूखाली जागच्या जागी होतं आणि तिचा स्वतःचा स्तन त्यावरून खाली घसरला होता. एकाच बाजूला दोन उंचवटे. ती काहीच बोलली नाही, गाऊनची नाडी बांधत आणि सोडत राहिली.

लिफ्टचे व्रण राहतात, हे मी लपवणार नाही. स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा आणि तुझ्याइतकं वजन उतरलेलं असताना बहुतेकदा घडीतही आडवा. ते फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. पण काही जणींना लिफ्टनंतर इम्प्लांटची गरजच वाटत नाही. काखेखालच्या ज्या वळीवर तू इतकी चिडली आहेस ना, तिथलंच मांस आत वळवून स्तनाला भराव देता येतो. हे शक्य आहे का, नक्की विचार.

इम्प्लांट घेतलंसच तर ते जन्मभराचं नसतं. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएच्या माहितीनुसार 20 टक्क्यांपर्यंत बायकांना ते 8 ते 10 वर्षांत काढावं लागतं. भोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं, ते कधी आवळून कडक होतं, दुखतं. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं तर कळतही नाही, म्हणून 5-6 वर्षांनी आणि पुढे दर 2-3 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराचा संबंध आढळला, आणि तशा इम्प्लांटमधला एक प्रकार 2019 मध्ये बाजारातून परत घेतला गेला. कोणत्या पृष्ठभागाचं घालणार, हे विचारल्याशिवाय सही करू नकोस. तू 27 वर्षांची आहेस. पुढे निदान आणखी एक ऑपरेशन असेल असं धरूनच पैशाचा आणि सुट्टीचा हिशेब कर.

आणि घाई नको. मागच्या महिन्यातही दोन किलो उतरले, असं तूच लिहिलंस. वजन किमान सहा महिने एका जागी थांबू दे, नाहीतर आज बेतलेला आकार उद्या पुन्हा सैल पडेल. लवकर मूल हवं असेल तर त्यानंतरच बघ. प्रोटीन, लोह, बी-12 तपासून घे. वजन झपाट्याने उतरलेल्यांमध्ये हे कमी सापडतं आणि टाके भरायला वेळ लागतो. सिगारेट सोडलीस हे फार बरं केलंस, पण ते व्हेपही बंद कर. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा घटतो, आणि लिफ्टमध्ये स्तनाग्र त्याच रक्तावर जगत असतं.

सर्जनकडे जाशील तेव्हा भरपूर वजन उतरवलेल्या पेशंटचे फोटो माग, तेही एक वर्षानंतरचे. तीन आठवड्यांच्या फोटोत सूज असते, सगळेच स्तन भरलेले दिसतात. तारीख मिळाली की कळव, मी सोबत येईन.

तुझी,
सिस्टर