पितृपक्षातलं बाळंतपण आणि अक्षतांखालची चिठ्ठी

प्रश्न : ताई, माझा आठवा महिना संपत आलाय. पहिलं सिझर होतं, म्हणून याही वेळी सिझरच करायचं ठरलंय, ३९ आठवडे भरल्यावर. तो दिवस येतो भाद्रपद वद्य षष्ठीला, ऐन पितृपक्षात. सासूबाईंनी गुरुजींकडून दोन आठवडे आधीचा, गौरीपूजनाच्या दिवशीचा पहाटे ४.४० चा मुहूर्त काढून आणलाय. चिठ्ठी देव्हाऱ्यात अक्षतांच्या वाटीखाली ठेवलीय. डॉक्टर म्हणतात, इतक्या लवकर करायचं काही कारण नाही. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले, त्यांची तिथी दशमी. सासूबाई सारख्या म्हणतात, "घरात पितरांचं पान वाढायचं की बाळंतीण बघायची?" नवरा म्हणतो, तुम्ही दोघी ठरवा. मी नाही म्हटलं आणि पुढे काही झालं, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. काय करू?
– कराडची एक सून

पोरी, आधी सरळ सांगते. मुहूर्तासाठी ३७ आठवड्यांना सिझर करून घेऊ नकोस.

या शेवटच्या दोन आठवड्यांत बाळाची फुप्फुसं पक्की होतात, अंग भरतं, दूध ओढायची ताकद येते. कळा नसताना लवकर काढलेल्या बाळाला धाप लागायची शक्यता जास्त असते. मग बाळ काचेच्या पेटीत आणि आई दुसऱ्या मजल्यावर दूध पिळत बसलेली, अशा रात्री मी माझ्या भाचीच्या वेळी जवळून पाहिल्यात. तिच्या इवल्याशा बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायच्या. ती सुखरूप घरी आली, पण ते दहा दिवस आमच्या घरात कुणाला घास गेला नाही. शिवाय पहाटे ४.४० ला भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांना घरून बोलवावं लागतं, दिवसा ते हाताशी असतात. मात्र मधेच कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्तस्राव झाला, तर तिथी-वार न बघता तडक दवाखाना गाठायचा. आधी सिझर झालेल्या बाईने कळा अंगावर काढायच्या नसतात.

आता सासूबाई. तुझ्या पत्रातलं त्यांचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. त्यांना पितृपक्षाची भीती वाटतेय असं तू धरून चाललीयस. मला वाटतं, त्यांचा जीव दशमीत अडकलाय. षष्ठीला बाळ झालं की घराला दहा दिवसांचं सोयर. म्हणजे दशमीचं श्राद्ध चुकणार, सर्वपित्री अमावास्याही हातची जाणार. नवऱ्याच्या नावाचं पान यंदा वाढलं जाणार नाही, हे त्या माउलीला सहन होत नसणार. आणि नातवंडाच्या जन्माच्या आनंदात हे बोलायचं तरी कुणाशी?

यावर तोड पंचांगातच आहे. महालय, म्हणजे पितृपक्षातलं हे श्राद्ध, हुकला, तर सूर्य वृश्चिक राशीत जाईपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करता येतो. पंचांगात त्या सुमाराला 'महालय समाप्ती' असं छापलेलं असतं. सोयर फिटल्यानंतरचा दिवस त्याच गुरुजींकडून काढून घ्या. हे तू सांगण्यापेक्षा तुझ्या नवऱ्याने आईला सांगावं. श्राद्ध त्याच्या वडिलांचं आहे, त्याने अंग काढून घेऊन चालणार नाही.

गुरुजींना आणखी एक विचारा. आपल्याकडे डोहाळजेवणाला, बारशाला, जावळाला दिवस बघतात, पण प्रत्यक्ष जन्माचा मुहूर्त जुन्या रीतीत कुठे आहे? जन्म झाला की ती वेळ टिपायची आणि त्यावरून पत्रिका मांडायची, असा क्रम होता. वेळ आपण ठरवायची आणि बाळाला तिच्यात बसवायचं, हे सिझर आल्यानंतरचं.

माझा धाकटा श्रावणातल्या अवसेला झाला. शेजारची बाई दारातच थबकली, "अवसेला?" माझ्या सासूबाई आतून म्हणाल्या, "पिठोरीची अवस आहे ती. लेकरांसाठी आया उपास धरतात आज." त्या दिवशी पोळा होता, बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावलेला मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिला. आपलं लक्ष्मीपूजनसुद्धा अमावास्येलाच असतं. तमिळ घरांत तर अमावास्या चांगल्या कामाला चालते. एकच चंद्र, आणि गावागणिक त्याचा अर्थ निराळा. पितृपक्षात झालेल्या बाळाला 'आजोबा आले' म्हणणारी घरंही आपल्याकडे पुष्कळ आहेत. हे सासूबाईंच्या कानावर घाल, पण वादात जिंकायला म्हणून नको. संध्याकाळी त्या वाती वळत बसल्या की शेजारी बस, कापूस हातात घे आणि विचार, "आई, बाबांच्या पानाची काळजी वाटतेय ना?" मग गप्प राहा. त्यांना बोलू दे.

पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर ने. लवकर का नको, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. बारशाचा दिवस, पाळण्याची दोरी, कानात नाव सांगण्याचा मान त्यांच्याकडे सोपव. चिठ्ठीला हात लावू नकोस, राहू दे ती अक्षतांखाली.

राहिलं जन्मभर ऐकून घेण्याचं. ते मी टाळून देऊ शकत नाही. गौरीच्या दिवशी झालेलं बाळही आजारी पडेल, शाळेत पडेल-झडेल, आणि ज्यांना बोलायचं असतं ते तेव्हाही बोलतील. पण ऑपरेशनच्या संमतीवर सही तुझी लागते. ती ३९ आठवड्यांच्या तारखेवर कर. आणि नवऱ्याला माझ्या नावाने सांग, "दोघींनी ठरवा" हे आता बास. "डॉक्टर म्हणतील तेव्हाच, हे मी ठरवलंय," एवढं एक वाक्य त्याने आईसमोर उभं राहून म्हणायचंय. पुढे कुणी बोट दाखवलं, तर तू एकटी नसशील.

बाळ झालं की दोन ओळी टाक. तिथी नको, वजन कळव.