जुन्या वनप्लस ६ वर लिनक्स: आधी सिम बघा, थीमचं नंतर

घरी पडून असलेल्या वनप्लस ६ वर पोस्टमार्केटओएस (जुन्या फोनसाठीचं लिनक्स) टाकून तोच रोजचा फोन करावा का, आणि त्यात मराठी नीट लिहिता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी असाच फोन पुण्याच्या तापकीर गल्लीतून जुना घेतला आणि गेलं दीड वर्ष वापरतोय. मराठी लिहिता येतं, फक्त थोडे हात काळे करावे लागतात. रोजचा एकमेव फोन म्हणून मात्र नको.

कारण सिम. जिओचं नेटवर्क ४जी-५जीचंच आहे, खाली उतरायला २जी नाही. त्यामुळे व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, नसेल तर साधा कॉलसुद्धा लागत नाही. माझ्या फोनवर व्होल्टे चाललं नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल तर कॉल आला की फोन २जीवर उतरतो आणि बोलणं होतं, पण तेवढा वेळ नेट बंद. 'लोकेशन पाठव' म्हणणाऱ्याला फोन ठेवल्यावरच लोकेशन जातं.

दुसरं यूपीआय. वेड्रॉइडमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या अँड्रॉइडमध्ये, अँड्रॉइडची ॲप उघडतात हे खरं, पण त्या कप्प्याला सिम दिसतच नाही. यूपीआयची नोंदणी सिमवरून जाणाऱ्या एसएमएसवर उभी, मग ती होणार कशी? यावर रात्री घालवू नका, मी घालवल्यात. वडापावच्या गाडीपुढे क्यूआर कोडकडे बघत उभं राहायचं नसेल, तर खिशात सुटे पैसे किंवा दुसरा फोन ठेवा.

इतकं पचलं तर पुढचं सगळं मजेचं आहे. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटो आधी काढून घ्या. या मॉडेलवर डीटीबीओ नावाचं पार्टिशनही फास्टबूटमधून, म्हणजे लॅपटॉपवरून बूटलोडरला आज्ञा देऊन, पुसावं लागतं. सूचनांमधली ती ओळ मी वाचलीच नव्हती. फोन सुरू होईना म्हणून तासभर यूएसबी केबलला शिव्या घातल्या.

पहिल्यांदा चालू झाल्यावर आईचा एसएमएस आला आणि पडद्यावर नुसते चौकोन! देवनागरी फॉन्टच नव्हता. फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडा, लॅपटॉपच्या टर्मिनलमधून १७२.१६.४२.१ वर एसएसएचने आत शिरा आणि नोटो देवनागरीचं पॅकेज टाका. खाली अल्पाइन लिनक्स असल्यामुळे एपीकेच्या (अल्पाइनची पॅकेज टाकणारी आज्ञा, अँड्रॉइडची फाइल नव्हे) एका ओळीत काम होतं.

आता कीबोर्ड. पडद्यासाठी मी फॉश वापरतो, आणि टाइप करायला त्यावरचा स्क्वीकबोर्ड हा कीबोर्ड. स्क्वीकबोर्डची मांडणी म्हणजे एक साधी यामल फाइल, म्हणजे नुसता मजकूर असते. 'बेस' आणि 'अप्पर' (शिफ्ट दाबल्यावरचं) अशी दोन पानं, प्रत्येक रांगेतली अक्षरं मध्ये जागा सोडून लिहायची, बस. फाइलचं नाव तेवढं सेटिंगमधल्या इनपुट सोर्सच्या नावाशी जुळलं पाहिजे, नाहीतर कीबोर्ड काही न बोलता इंग्रजीच दाखवतो.

मी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणीच घेतली, कारण बोटांना सवय होती. पण त्यात 'ळ' शिफ्टखाली आहे. 'बाळ', 'काळ', 'सकाळ', 'वेळ', प्रत्येक वेळी शिफ्ट कोण दाबणार? लिनक्सच्या इन्स्क्रिप्टमध्ये झेडच्या जागी ऱ्हस्व ए-ची मात्रा असते. दक्षिणेकडच्या भाषांना ती लागते, आपल्याला काडीचा उपयोग नाही. ती काढून 'ळ' तिथे बसवला. 'ऱ'सुद्धा शिफ्टखालून वर आणला, 'दुसऱ्या' लिहिताना कळेल का ते. 'ॲ' आणि 'ऑ' यांनाही जागा द्या, नाहीतर 'ॲप' आणि 'ऑफिस' दर वेळी इंग्रजीत लिहाल. मात्रांच्या बटणांवर ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर दचकू नका. एकट्या मात्रेला टेकायला अक्षर नसतं म्हणून ते येतं, लिहिताना नीट उमटतं.

फॉशचे रंग, बटणांचे आकार सीएसएसने बदलतात, त्यात विशेष काही नाही. त्यापेक्षा फॉशच्या जागी चालणारं एसएक्सएमओ एकदा बघा. आवाजाच्या बटणांवर सगळे मेन्यू आणि आत नुसत्या शेल स्क्रिप्ट. माझं मन तिथे आठवडाभरच रमलं, पण तुम्ही टर्मिनलात राहणारे दिसता.

सिम कोणतं आहे ते इथे लिहा. जिओ असेल तर दुसरं सिम घेईपर्यंत फोनवर लिनक्स टाकू नका. एअरटेल असेल तर मी माझी यामल फाइल देतो.